सौनातले काळे दगड

मी कमरेइतक्या खड्ड्यात उभी होते. वर भुरभुर पाऊस. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "काय पुरताय, बाई?"

"पुरत नाहीये. माती बघतेय."

"मग... सापडली का?"

वर पाहिलं. भिजलेले केस, हातात कॉफीचा थर्मास, ओठांच्या कोपऱ्यात हसू. हा तौनो, टेकाडावरच्या घरातला सुतार.

माझं काम म्हणजे उत्तर ध्रुवाजवळच्या लाप्लँडच्या जमिनीचा वरचा थर नकाशावर रंगवणं. माती, वाळू, दलदल, सुटे दगड. ठरावीक अंतरावर खड्डा खणायचा, त्यातले शंभर खडे मोजायचे आणि पुढे सरकायचं. तीन उन्हाळे मी एका गावात पंधरा दिवसांवर टिकले नव्हते. पायाला भिंगरीच होती... पण हल्ली तिचाच कंटाळा यायला लागला होता.

तौनो रोज कॉफी घेऊन येऊ लागला.

"आज खड्डा खोल झालाय. कुणावर राग?"

"डासांवर."

"आणि माझ्यावर?"

"तुमची मोजणी अजून चालू आहे!"

शुक्रवारी गाडी येऊन मला पुढच्या गावी नेणार होती. बुधवारी शेवाळावर एक काळा, जड दगड दिसला. असला खडक इथे कुठेच नव्हता. गुरुवारी आणखी दोन, सरळ रेषेत! फार पूर्वी बर्फाचा थर वायव्येकडून सरकत आला आणि त्याने असे दगड वाटेत सांडले. ती रेषा उलटी धरत गेलं की मूळ खडक सापडतो, कधीकधी तांबंसुद्धा. मी नकाशावर ठिपके दिले आणि ऑफिसकडे इथे आणखी पंधरा दिवस मागणारं पत्र लिहिलं. आनंद दगडांचा किती आणि राहायला मिळेल याचा किती, हे स्वतःला विचारलं नाही.

शुक्रवारी सकाळी रेषा धरून निघाले. चौथा दगड, पाचवा, सहावा... सातवा थेट तौनोच्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, दाराशी! दगड नाकाशी नेला. बर्चच्या लाकडाच्या धुराचा वास. आत भट्टीवर, पाणी शिंपडून वाफ काढायला तसलेच काळे दगड रचले होते; त्यांत सात दगडांची जागा रिकामी होती.

"तौनो!"

तो रंधा हातात घेऊनच आला. "बर्फाने आणले असतील..."

"बर्फ सौना तापवतो का?"

तो कानापर्यंत लाल झाला. "वाटलं, दगड सापडले तर तुम्ही राहाल."

"अहो, माझा नकाशा चुकला असता! लोक इथे वर्षभर खोदत बसले असते!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता आणि डोळेही भरून आले होते. "सरळ 'राहा' म्हणता आलं नाही?"

"दगड उचलणं सोपं होतं," तो हळूच म्हणाला.

मी ते पत्र फाडलं. नकाशावरचे ठिपके एकेक करून खोडले. रस्त्यावर गाडीचा भोंगा वाजला. मी सातवा दगड उचलून पिशवीत टाकला.

"तो कशाला? भट्टी अपुरी राहील," तौनो म्हणाला.

"राहू दे. मला तू आवडतोस, तौनो. पण खोट्या खुणांवर मी राहणार नाही."

भोंगा पुन्हा वाजला. मी चार पावलं गेले आणि राहवेना, वळले.

"पुढचं गाव वीस किलोमीटरवर आहे. शनिवारी ये, दगड परत देईन... आणि काय म्हणायचंय ते तोंडाने म्हण!"

"शनिवार म्हणजे उद्याच!" तो ओरडला.

"मग? मोजता मलाही येतं!"