बॉनेटमधलं लिंबू

लालबागला गॅरेजं काय थोडी आहेत? पण वनिताची व्हॅन बंद पडली ती नेमकी जगदीशच्या दारात. मागच्या दारातून मासळीच्या बर्फाचं पाणी टपटपत होतं आणि डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला होता.

जगदीशचा बाप गिरणीत होता. संपात गिरणी गेली, आणि पुढे पोरानं तिच्याच भिंतीला टेकून गॅरेज टाकलं. त्यानं स्कॅनर लावून बिघाडाचा कोड वाचला.

"कॅम सेन्सर."

"मला कळेल असं सांग ना." वनिताच्या घरात अहो-जाहोची पद्धत नव्हती.

"ठिणगी कधी टाकायची, ते हा इंजिनच्या कॉम्प्युटरला कळवतो. आता तो गप्प बसलाय."

"तुझ्यासारखा?"

जगदीशनं स्कॅनरमध्ये डोकं घातलं… कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या. वनिताला ते फार आवडलं.

नवा सेन्सर बसला, दिवा विझला. आठवड्यानं दिवा लागला, वनिताची स्वारी पुन्हा हजर! त्यानं दुसरा सेन्सर टाकला, चहा मागवला. चहा संपला तरी गप्पा संपेनात. दिवा मात्र परत लागलाच.

तिसऱ्या खेपेला वनिताची आई गुणवंतीही गाडीतून उतरली.

"बाय, गारीला नजर लागलीय. आता परत दिवा लागला तं गारी इकायची. तू दादरच्या बाजारात माझ्याशेजारी पाटी घेऊन बस."

बाप गेल्यापासून भाऊच्या धक्क्यावरची मासळी हॉटेलांना वनिताच पोचवत होती. पाटीवर बसण्यात कमीपणा नव्हता, पण तिचा जीव स्टिअरिंगमध्ये होता.

"कोड तोच, सेन्सर नवा," जगदीश कपाळाला हात लावून म्हणाला. "म्हणजे मीच गाढव."

वनितानं बॉनेटखाली डोकं घातलं, सेन्सरचा प्लग ओढून काढला. "हे हिरवं काय रे?"

पिनांवर हिरवट थर चढला होता. आणि बरोबर वर, वायरीलाच बांधून, लिंबू-मिरची लटकत होती. बाहेर बांधली की पोरं खेचतात, म्हणून गुणवंती दर शनिवारी ती आत बांधायची. लिंबाचा रस थेंब थेंब प्लगात उतरत होता.

"तुला दिसली नाही ही?"

"दिसली ना. दोन्ही वेळा काढली… आणि परत होती तिथेच बांधली. प्लगात मात्र डोकावलो नाही."

"का?"

"आम्ही बौद्ध. आमच्यात हे मानत नाहीत. मी काढून टाकली असती, तर तुम्हाला वाटलं असतं, मुद्दाम केलं."

वनिताला हसू आलं, आणि त्याच्याविषयी एकदम माया दाटून आली. इतका मान राखायचा की दोन सेन्सर फुकट घालवायचे!

जगदीशनं पिना घासून लखलखीत केल्या, प्लग बसवला, कोड पुसला. मग गुणवंतीकडे वळला. "मावशी, तुम्हीच म्हणता, नजर बाहेरून येते. मग लिंबू आत लपवून ती अडणार कशी? पुढे बंपरला बांधा, आणि घट्ट बांधा."

गुणवंतीनं त्याला खालून वर न्याहाळलं. "पोरगा शाना हाय," म्हणाली, आणि ताजी लिंबू-मिरची आणायला नाक्यावर गेली.

"आता नाही लागणार दिवा," जगदीश म्हणाला. बातमी आनंदाची होती, चेहरा मात्र पडलेला.

"म्हणजे माझं इथलं काम संपलं."

"हो… संपलं."

गाडी हाती राहिली होती, पण गॅरेज सुटणार होतं. वनिताला ते चालणार नव्हतं.

"जगदीश, मला तू आवडतोस."

तो स्कॅनरची वायर उगाच गुंडाळत राहिला. "मलाही… पहिल्याच दिवसापासून. पण आमच्या घरात देव्हारा नाही, वनिता. बाबासाहेबांचा फोटो आहे. तुझ्या आईला चालेल आमचं घर?"

"आईला कुठं राहायचंय तिथं? मला राहायचंय."

नाक्यावरून गुणवंती परत येताना दिसली. वनितानं त्याचा ग्रीसनं माखलेला हात धरला, आणि आई अगदी जवळ आली तरी सोडला नाही.