मेखेवरचा हात

आमच्या निंबाची एक खोड मला कधी सोसली नाही. पागोटं दिसलं की तो वाकायचा. खाली डोकं आहे की मडकं, एवढंही बघत नसे. मी त्याची आई, डोंबाऱ्यांचा सगळा तांडा माझ्या शब्दावर चाले, पण हा एक चालला नाही. "अरे, आपण लोकांच्या डोक्यावरून चालणारी माणसं, तुझी मान का खाली?" म्हटलं की हसायचा.

घोणसगडावर देवीच्या जत्रेला खेळ करायला गेलो आणि खाली मोगलांच्या खानाचा वेढा पडला. धान्य सरत आलं. कुमकेची फौज पलीकडच्या खोऱ्यात येऊन थांबली, पण खानाचा कोणता मोर्चा कच्चा आहे, हे गडावरून दिसत होतं आणि तिला ठाऊक नव्हतं.

किल्लेदार हैबतराव काट्यांनी मला सदरेवर बोलावलं. "बायजाबाई, दरीवरून दोर टाकून समोरच्या सुळक्यावर माणूस उतरेल काय?"

"माणूस नाही, सरकार. पोर उतरेल. आमचा दोर मोठ्याचं वजन पेलायचा नाही."

ती पोर म्हणजे माझी नात गोजरी. आमच्यात पहिला उंच दोर चालली की पोर परकर सोडून लुगडं नेसते, बायांत बसते. ती कधीची त्या दिवसाची वाट बघत होती. म्हणाली, "आजे, लुगडं हिरवंच पाहिजे हां."

पहाट झाली तेव्हा दरी धुक्यानं काठोकाठ भरली होती, गडाचे बुरूज तेवढे वर तरंगत होते आणि खाली, त्या पांढऱ्या पुराच्या तळाशी, खानाचे हत्ती कुठंतरी साखळ्या वाजवत होते. निंबानंच फास फेकून सुळक्याच्या टोकात अडकवला, अलीकडचं टोक मेखेला बांधलं. तो गोजरीचा सख्खा मामा, त्यामुळं बांधायचा मानही त्याचाच. आमचा नेम असा, की ज्यानं दोर बांधला त्यानं चालणारं माणूस पार होईतो मेखेवर हात ठेवून बसायचं, आणि चालणाऱ्यानं गाठ तपासायची नाही. तपासली तर बांधणाऱ्याचा अपमान.

गोजरीनं तोलाची काठी उचलली, पाठ न वळवता विचारलं, "मामा, हात आहे?"

"आहे, पोरी. चल."

ती धुक्यात शिरली. सुळका जवळ आला असेल-नसेल, तोच निंबानं डावीउजवीकडं पाहिलं आणि मेख हलवून उपटली. मी त्याच्या पाठीशीच उभी होते. धावले, तोवर दोर दरीत गेला होता.

दोर सैल पडताच गोजरीनं काठी टाकली आणि पायाला वेढा मारून घेतला. दोरासकट ती सुळक्याच्या कड्यावर आदळली. पाय मोडला. तशीच हातांवर वर चढली, पलीकडं सरपटत उतरली आणि फौजेला निरोप पोचता केला.

दुसऱ्या दिवशी कुमकेनं कच्च्या मोर्च्यावर घाला घातला नि वेढा उठला. निंबा शेळ्यांना पाला तोडायला कड्याखाली उतरायचा, तिथंच मोगली चौकीशी त्याची बोलणी झाली होती. गडकऱ्यांनी धरून झडती घेतली तेव्हा कमरेला खानाचा जरीचा शेला निघाला. खानानं जमादारी देऊ केल्याचं तर त्यानं आपल्या तोंडानंच सांगितलं.

हैबतरावांनी कडेलोट फर्मावला. गोजरीला डोलीतून आणलं होतं, अंगावर हिरवं लुगडं, मोडका पाय फळ्यांत बांधलेला. ते म्हणाले, "मुली, तुझं काही मागणं?"

ती मामाकडं बघून म्हणाली, "दोर सोडला त्याचं काही नाही. मी विचारलं तेव्हा 'हात आहे' असं का म्हणाला?"

निंबा रडायला लागला. "आई, तू तरी बोल."

मी किल्लेदारांपुढं पदर पसरला आणि त्याचा जीव मागून घेतला. त्यांनी विचारलं, "माया येते?"

"नाही, सरकार. कड्यावरून हा लवकर सुटेल."

मग मी त्याच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, "निंबा, जा. जिथं आमचा ढोल वाजेल तिथं पोरंबाळं, म्हातारेकोतारे धावत येतील. त्या गर्दीतून उलट्या दिशेनं चालणारा तू एकटा असशील. आयुष्यभर."