सारवलेली फरशी

दाराशी आलेला तो माणूस चपला काढायला वाकला, आणि मनकर्णा दचकली. अगं बाई, आता हा अनवाणी आत येणार!

"नगरपालिकेतून आलोय. घर मोजायचंय," तो म्हणाला. नाव नागनाथ. काखेत रजिस्टर, हातात टेप, आणि तोंडावर असं हसू की मोजायला नाही, पाहुणचाराला आलाय. बाकीचे मोजणीवाले चपलांसकट घुसायचे. तेच बरं होतं म्हणायचं!

कारण घरपट्टीची नवी आकारणी निघाली होती. खाली माती असली तर पट्टी कमी, शहाबादी असली तर जास्त, असं शेजारच्या नर्मदाबाईनं कुठूनसं ऐकून आणलं आणि दोन दिवसांत अख्ख्या गल्लीनं आपापल्या फरशीवर शेण चढवलं. मनकर्णाच्या आईनं, सरजाबाईनं, तर दोन हात मारले. वडील गेल्यापासून घर चालत होतं ते पुढच्या खोलीतल्या मनकर्णाच्या शिवणक्लासवर. पट्टी वाढली तर ती खोली भाड्यानं द्यायची. क्लास गेला की मग मामानं आणलेलं पालमचं स्थळ. बिजवर, दोन लेकरांचा बाप. आईनं तसं बजावूनच ठेवलं होतं.

"टेपचं एक टोक धरता का जरा?"

तिनं धरलं.

"हात कापायलेत तुमचे."

"थंडी हाय."

"हाय खरी..." त्यानं टाच उचलली, परत टेकवली. "पण तुमच्या घरातली माती लयच गार हाय हो."

"आमची माती तसलीच हाय," ती फटकन म्हणाली, आणि तिचे कान तापले.

तो गालातल्या गालात हसला. रजिस्टरात काही लिहिलं... की नाही लिहिलं? तिला दिसलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तो खिडकी मोजायची राहिली म्हणून आला. तिसऱ्या दिवशी दार.

"काल दार न्हवतं का?"

"होतं की. पर दारात तुमी उभ्या होता. मोजणार कसं?"

त्या मेल्यावर धड रागावताही येईना! तो गेला की ती शेणाच्या पोपड्याकडं बघत बसायची. कोपऱ्यात एक टवका उडाला होता, खालचा काळा दगड डोकावत होता. तिनं त्यावर पाटी सरकवून ठेवली. हा येतो तो फरशीसाठी, की... माझ्यासाठी? ब्लाऊजच्या बाह्या दोनदा उलट्या जोडल्या गेल्या. जेवण गोड लागेना.

पंधरा दिवसांनी नोटीस आली. पट्टी दुप्पट. सोबतच्या उताऱ्यात मोत्यासारख्या अक्षरांत लिहिलं होतं : शहाबादी फरशी, वरून ताजं सारवण.

तिनं त्याला नगरपालिकेच्या पायरीवरच गाठलं. "गोड बोलून गळा कापलात!"

नागनाथचा चेहरा उतरला. "खोटं लिहिलं असतं तर मला परत तुमच्या आईसमोर उभं राहता आलं नसतं."

"आईसमोर तुमाला कशाला उभं राहायचंय?"

तो चपलेच्या अंगठ्याकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "हरकतीचा अर्ज टाका. पर सुनावणीत खरं बोला..."

सुनावणीला सगळी गल्ली लोटली होती. साहेबांनी कागद वर केला. "सरजाबाई, माती की फरशी?"

"मा..." आईनं तोंड उघडलं.

"फरशी हाय, साहेब," मनकर्णा उठली. "आमीच सारवली. भ्यालो म्हणून सारवली. नळाला चार दिवसाआड पाणी, गल्लीत एक दिवा न्हाई, आन पट्टी दुप्पट? माझा क्लास बंद पडला तर आमी खायचं काय?"

मागून "खरंय, खरंय" झालं. नर्मदाबाई तर बाकावरच उभी राहिली. साहेबांनी टेबल वाजवलं. "बरं. उद्या परत मोजणी. मग बघू किती कमी होतंय. नागनाथ, तुम्ही जा."

नागनाथ उठला. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. "मला न्हाई जाता येणार, साहेब. दुसऱ्याला पाठवा."

"का?"

"नात्यातल्या घराची मोजणी... करता येत न्हाई."

"कसलं नातं?"

"अजून न्हाई..." त्यानं सरळ मनकर्णाकडं बघितलं. "पर झरीहून वडलांना बोलावलंय. उद्या मागणी घालायला यायलोत. ह्या हो म्हणल्या तर नातं."

मनकर्णाला रडू येतंय की हसू, तेच कळेना. तिनं आईकडं पाहिलं. आईचा चेहरा दगड.

घरापर्यंत आई दहा पावलं पुढंच चालत राहिली. मनकर्णाचा जीव मुठीत. संपलं सगळं. आता पालमच.

आईनं पदर खोचला. बादली भरली. काथ्या तिच्या हातात दिला.

"घास."

"आई... उद्या दुसरा मोजणीवाला येणार हाय ना? चकचकीत फरशी बघून पट्टी कमी करंल का?"

"येऊ दे. पट्टीचं व्हायचं ते व्हईल. झरीच्या पाव्हण्यांना काय शेणावर बसवतीस?"