आगाऊ चौकट

त्या काळात ग्राफिक्स कार्ड घ्यायला गेलेला माणूस 'हे चित्र कसं काढतं' असं विचारतच नसे. चित्रं सगळीच झकास काढत. विचारायचं ते एवढंच, की हे किती पुढचं बघतं. शैलजा मगदूमला यातलं काही ठाऊक नव्हतं. सांगलीतल्या पाटणींच्या दुकानात जाऊन तिने सरळ सांगितलं, "टीव्हीवर गेम दिसायला हवा. स्वस्तातलं दाखवा, चैनीसाठी नाही घेत मी."

चैनीसाठी नव्हतंच ते. तिचे यजमान जयसिंगराव, तरुणपणी कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती गाजवलेला माणूस, पक्षाघाताने उजवा हात गमावून बसले होते. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, की पहिले सहा महिने हातचे जाऊ देऊ नका. मेंदू नवी वाट शोधतो ती याच दिवसांत. हाताने हुकूम पाळला आणि डोळ्यांना ते लगेच दिसलं, तर मेंदूचा त्या हातावर विश्वास बसतो. दिसायला उशीर झाला, की तो हात त्याच्या लेखी परका. म्हणून त्यांनी होड्यांचा एक गेम सुचवला होता. अंगठ्याने रिमोटचं बटण दाबलं की वल्हं पडायचं. तालात दाबत राहायचं, बस्स.

"कॉम्प्युटर कुठं आणि टीव्ही कुठं?" पाटणींनी विचारलं.

"कॉम्प्युटर मुलाचा, माडीवर. टीव्ही खाली. यांना जिना चढवत नाही."

"मग वहिनी, गंमत अशी होते. बटण खाली दाबलं, ते वायफायवरून माडीवर जाणार, कार्ड चित्र काढणार, ते परत खाली येणार. या येरझाऱ्यांत वल्हं उशिरा पडतं." त्यांनी दोन खोकी पुढे ठेवली. "हे कार्ड साधं आहे. प्रामाणिक, पण अडखळणार. आणि हे दुसरं अडखळत नाही. खेळणाऱ्याचा हात चार दिवसांत ओळखतं, तो आता काय दाबणार ते ताडतं आणि ते चित्र आधीच धाडून देतं. आगाऊ चौकट म्हणतात याला. अंदाज चुकला तर गुपचूप सावरून घेतं, तुम्हाला पत्ता लागत नाही."

दोन्हींची किंमत सारखीच. उशीर नको, असं बाईंनी शंभरदा सांगितलेलं. शैलजाने दुसरं खोकं उचललं. तिच्या जागी कुणीही तेच उचललं असतं.

पहिले दिवस फार वाईट गेले. अंगठा बटणावर नुसता पडून राही आणि जयसिंगराव तोंड फिरवून बसत. मग शैलजाने लहान पोराला पाटीवर गिरवायला शिकवतात तसं केलं. त्यांच्या मागे बसून आपला हात त्यांच्या हातावर ठेवला आणि त्यांचा अंगठा आपल्या अंगठ्याने दाबत राहिली. दुपारचं जेवण झालं की हा कार्यक्रम. नाव चालू लागली. चारेक आठवड्यांनी तिने हात हळूच काढून घेतला, तरी नाव चालतच राहिली. त्या दिवशी तिने शिरा केला, आणि रडू आलं ते कढईच्या धुरावर ढकललं.

जयसिंगराव बोलू लागले, चेष्टा करू लागले. "शैला, आयर्विन पुलाखालनं कशी काढली बघितलीस? अजून पाणी आहे मनगटात." गेममधला कुठलाही पूल त्यांच्या लेखी कृष्णेवरचा आयर्विनच. व्यायामाच्या बाई कुठल्याशा शिबिराला परगावी गेल्या होत्या. फोनवर शैलजा त्यांना सांगे, रोज जिंकतायत. त्याही खूश.

पाचव्या महिन्यात एकदा ती चहा घेऊन आली. टीव्हीवर नाव तीरासारखी चालली होती, जयसिंगरावांचा चेहरा फुललेला. कप ठेवायला वाकली तेव्हा तिची नजर त्यांच्या मांडीवर गेली. रिमोट तिथेच होता. अंगठा बटणाशेजारी घसरून निपचित पडला होता. नाव चाललीच होती. तिने तो अंगठा उचलून पाहिला. दवाखान्यातून आणला तेव्हापेक्षाही लुळा झाला होता.

"काय बघतेस? खेळू दे की," ते म्हणाले.

तिने पुण्याला फोन लावला. मोठ्या दिरांची मुलगी मैथिली तिथल्या प्रयोगशाळेत याच कार्डांवर काम करत होती. दोन दिवसांनी ती आली आणि माडीवर जाऊन कार्ड तपासून खाली उतरली.

"काकू, महागातल्या कार्डात एक राखण्या असतो," स्वयंपाकघरात ती म्हणाली. "आगाऊ चौकट धाडली, पण मागनं खरं बटण आलंच नाही, तर तो खेळ थांबवतो. स्वस्तातल्या कार्डात तो भाग गाळलेला असतो. बटण आलं नाही तर कार्ड समजतं, वायफायने उशीर केला. आणि ते पुढचं ताडत राहतं. उशीर वायफायचा की माणसाचा, हे त्याला कळत नाही."

"पण यांचा हात तर कधीच नीट चालला नव्हता. मग त्याने ताडलं कुणाचं?"

मैथिलीने तिच्या हाताकडे पाहिलं. "सुरुवातीला कुणी दाबत होतं?"

शैलजाने आपला अंगठा उलटापालटा करून पाहिला. चार आठवडे कार्डाने तिचा धडधाकट अंगठा गिरवून घेतला होता. जयसिंगरावांची नाव तेव्हापासून तीच वल्हवत होती.

"पण त्यांना कळलं नसतं का गं? खुळे नाहीत ते. आपण दाबतोय की नाही हे माणसाला कळतंच."

"नाही कळत, काकू. आमचं सगळं काम यावरच उभं आहे. 'हे मी केलं' असं मेंदू नंतर ठरवतो. मनात आलं आणि पाठोपाठ समोर घडलं, की तो ते आपल्या खात्यावर टाकून मोकळा होतो. काकांच्या मनात दाबायचं यायचं आणि वल्हं पडायचं. मग हाताला हुकूम सोडायचे कष्ट मेंदूने कशाला घ्यावेत? सोडलेच नाहीत त्याने."

"आजारी मेंदूचं असेल तसं," शैलजा हट्टाने म्हणाली. "माझं नाही व्हायचं."

मैथिलीने तिला बैठकीत नेऊन काकांच्या मांडीवरचा रिमोट घेतला आणि काकूच्या हातात दिला. शैलजा खेळू लागली. बटण अंगठ्याला टोचत होतं, चांगलं कळत होतं. वल्ही तालात पडत होती. मध्येच मैथिलीने "दाखव जरा" म्हणून रिमोट घेतला आणि लगेच परत दिला. शैलजाने पुढची नाव मागे टाकली, मग तिच्या पुढचीही.

"बघ," ती म्हणाली, "प्रत्येक वल्हं मी मारतेय. मला ठाऊक आहे ना."

मैथिलीने मूठ उघडली. तळव्यावर रिमोटचे दोन सेल होते.

नाव चालली होती. शैलजाने अंगठ्याकडे पाहिलं. तो बटणावर नुसता टेकला होता. दाबत होते, ती मनाशी म्हणाली, आत्ता तर दाबत होते.

"झकास मारतेस की," जयसिंगराव कौतुकाने म्हणाले. "आण इकडं."

"बंद कर ते," शैलजा म्हणाली. "अजून महिना आहे हातात. अडखळू दे नाहीतर बुडू दे, पण खरं दिसू दे."

मैथिलीने सेल घातले, माडीवर जाऊन आगाऊ चौकट बंद केली आणि खाली आली. जयसिंगरावांनी रिमोट मांडीवर घेतला. नाव काठाला उभी राहिली. बाकीच्या नावा निघून गेल्या. ते थोडा वेळ पाहत राहिले, मग त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"कार्ड बिघडलं तुझं."

"अहो, बिघडलं नाही. तुम्ही दाबा. अंगठ्याने जोर लावून दाबा."

"दाबतोय की," ते म्हणाले. त्यांनी खाली, स्वतःच्या हाताकडे पाहिलं. अंगठा तसूभरही हलत नव्हता. त्याच्याकडे सरळ बघतच ते शांतपणे म्हणाले, "हे काय, दाबतोय. तुला दिसत नाही होय?"

जयसिंगराव शैलजाच्या तोंडाकडे बघत होते, उत्तराची वाट पाहत. नाही म्हणायचं, तिने ठरवलं. आज नाही म्हटलं नाही, तर हा हात कायमचा गेला. ते पुरतं ठरवून झालं, आणि तरीही जयसिंगराव उत्तराची वाट बघतच राहिले.

ती मैथिलीकडे वळली आणि दबक्या आवाजात विचारलं, "मी बोलले ना गं आत्ता?"