रुरीची रांग

रविवारी दुपारी नाचगाणं संपलं, की आमचा खरा धंदा सुरू व्हायचा. नागोयाच्या ओसू बाजारातलं ते तळघर. वर तळलेल्या कोंबडीचं दुकान, खाली आम्ही चौघी. गाण्याचं मानधन शून्य. पोट चालायचं ते चाहत्यांबरोबरच्या फोटोंवर. झटपट कॅमेऱ्याचा एक फोटो दीड हजार येन, त्यातले तीनशे माझे. चौघींना चार रंगांचे झगे वाटलेले; माझा रंग निळा, नाव रुरी. दोन्ही कंपनीच्या मालकीचे. आधीची रुरी एके दिवशी यायचीच बंद झाली. निरोपाचा कार्यक्रम केला तर तिची रांग पांगेल, म्हणून मॅनेजर कुबोतांनी गुपचूप तिच्याच उंचीची मुलगी शोधून तिला तोच झगा चढवला. ती मी.

"लोकांना कळणार नाही?" मी विचारलं होतं.

"अगं, लोक झगा बघतात, केस बघतात," कुबोता म्हणाले. "तोंडाकडे कोण बघतंय?"

टॅक्सी चालवणारे हिरानुमाकाका दर रविवारी माझ्या रांगेत असत. एकदा त्यांचा फोटो टेबलावर हळूहळू उमटत होता. आधी झगा आला, मग काकांचं टक्कल, मग माझा चेहरा. तो माझा नव्हता. हनुवटी निमुळती, डाव्या डोळ्याखाली तीळ. मला तीळ नाही.

"काका, ही मी आहे?"

"मग काय माझी सासू? उलट आज झकास आलीयस!"

माझे वडील घड्याळं दुरुस्त करतात. आमच्या घरात भुतांना थारा नाही. मी फिल्म बदलायला लावली, पुढच्या रविवारी कॅमेरा बदलायला लावला. तीळ काही जाईना. शेवटी लाल रंगाच्या चिहायाला फोटो दाखवला. आमच्यात सगळ्यांत जुनी तीच. तिने हातातला भाताचा गोळा खाली ठेवला आणि मला खऱ्या नावानं हाक मारली.

"तोमोए, ही ती आहे गं. आधीची."

भीतीपेक्षा मला संताप आला. पाय सुजेपर्यंत नाचायचं मी, आणि फोटोत उमटायचं हिने? पण त्या मुलीचाही राग येईना. तिला तरी कुणी विचारलं होतं? मी तडक कुबोतांकडे गेले. म्हटलं, निरोपाचा कार्यक्रम करा. तिचा आणि माझाही. मी जाईन ती माझ्या नावानं जाईन.

"करारात दंड लिहिलाय, वाच जरा," ते म्हणाले. "चालत्या गाड्याला खीळ घालू नकोस."

मी घातली.

रविवारी आपापली ओळख सांगायची वेळ आली तेव्हा मी माइक तोंडाशी धरला. "मी रुरी नाही. मी ओकाबे तोमोए. रुरी कधीच गेली, तिला निरोप द्या. आणि मलाही!"

कुणीतरी संगीत बंद केलं. मग अंधारात चाहत्यांच्या हातातली एकेक चमकती निळी कांडी वर जाऊ लागली. हिरानुमाकाका तर हुंदके देऊन रडत होते. मी झगा खुंटीला टांगला आणि अंगावरच्या स्वेटरनिशी पुढच्या दारानं बाहेर पडले. इतका अभिमान मला स्वतःचा कधी वाटला नव्हता.

महिन्याभरानं चिहायाचा फोन आला. "निळ्यात नवी पोर घेतलीय. एकदा येऊन तिचे फोटो बघ."

मी पैसे भरले आणि रांगेत उभी राहिले. मुलगी गोल चेहऱ्याची, हसरी. शेजारी उभी राहून मी हळूच विचारलं, "खरं नाव काय तुझं?"

तिनं कुबोतांकडे चोरून पाहिलं. "रुरी."

"खरं विचारतेय."

"...काएदे."

"ते विसरू नकोस. कुणी काही म्हणो."

कॅमेरा वाजला. काएदेनं फोटो माझ्या हातात दिला.

आधी झगा आला.

मग चेहरा. भुवईवरचा व्रण, एकावर एक चढलेले पुढचे दोन दात. निळ्या झग्यात मी होते, गिऱ्हाइकासाठी हसत.

शेजारी, गिऱ्हाइकाच्या जागी, नुसती भिंत.

मी टेबलावर दीड हजार येन आपटले. "आणखी एक द्या. माझं तोंड आहे ते. एकूण एक फोटो मी विकत घेईन, पण तुम्हाला विकू देणार नाही!"

कुबोतांनी नोटा उचलल्या. वर पाहिलं नाही.

मी पुन्हा रांगेत उभी राहिले. मागून एक माणूस आला आणि तिथं कुणी नसल्यासारखा सरळ माझ्याच जागेवर उभा राहिला.

मी हलले नाही.