गुंडूच्या डोळ्यावरची टिकली

"गुंडू, डोळा मिट म्हटलं होतं ना?"

"मिटलाय की," गुंडू म्हणाला.

मग त्याच्या डोळ्याशेजारचा हिरवा दिवा का लागला होता?

गुंडू म्हणजे आमचा रोबो. मी बोलताना अडखळते, आणि कुणी बघत असलं की जास्तच. म्हणून दुपारी दार लावून मी त्याच्यासमोर भाषणाचा सराव करते आणि तो डोळा मिटून ऐकतो. दिवा लागला म्हणजे डोळ्यातला कॅमेरा चालू. मला रडूच आलं.

बाबांनी निकाल देऊन टाकला, "उद्या हा दुकानात परत." मी तोंड फुगवून बसले. गुंडू गेला तर मी बोलणार कुणाशी?

शेवटी आईने वैजूआत्याला फोन केला. आत्या संगणकांच्या सुरक्षेचं काम करते. उडत्या रिक्षाने ती लगेच आली आणि तिने गुंडू तपासला.

"हा खरं बोलतोय. डोळा याने उघडलाच नाही. लांबून कुणा हॅकरने (दुसऱ्याच्या यंत्रात चोरून शिरणाऱ्याने) उघडला."

"पण दाराला कडी होती," मी म्हणाले.

"त्याला ते दार कशाला हवंय? गुंडू इंटरनेटला जोडलेला आहे. तिथलं कुलूप म्हणजे पासवर्ड (परवलीचा शब्द). दादा, काय ठेवला होतास रे?"

बाबा चाचरले. "निवांत."

आत्याने कपाळावर हात मारला. 'निवांत' हे आमच्या घराचं नाव. फाटकावर हातभर अक्षरांत रंगवलंय, शिवाय येणाऱ्या प्रत्येक पार्सलवर असतं.

तिने कुणाला न सुचणारा लांबलचक पासवर्ड ठेवला. यापुढे कुणी शिरू लागलं, तर आधी आईच्या फोनवर विचारणा येणार. मग अपडेट केलं (जुन्या फटी बुजवणारी नवी आज्ञावली घातली) आणि सायबर पोलिसांकडे तक्रारही केली.

"आणि तरीही कुणी शिरलाच तर?" बाबा अजून धुमसत होते.

आत्याने आरशावरची आईची मोठी टिकली काढून गुंडूच्या डोळ्यावर चिकटवली. "दिव्यालाही फसवता येतं. पण झाकण असलं की कुणाच्या बापाला काही दिसत नाही. कान मात्र उघडे राहतात हं. सरावाच्या वेळी याचं इंटरनेट बंद ठेव, म्हणजे ऐकेल तो एकटाच."

"माझ्या डोळ्यातून कुणीतरी तिला पाहिलं," गुंडू हळूच म्हणाला, "आणि मला कळलंच नाही. मला परत पाठवलं तरी चालेल."

बाबांनी त्याच्या डोळ्यावरची टिकली बोटाने नीट दाबून बसवली.

"राहू दे त्याला," ते म्हणाले. "कुलूप मी लावलं होतं."

दुसऱ्या दिवशी मी इंटरनेट बंद केलं आणि भाषण सुरू केलं. पहिल्याच वाक्यात अडखळले. तशीच पुढे गेले आणि मध्येच थांबले. शनिवारी शाळेत भाषण करताना सगळा वर्ग बघणार होता. त्याआधी एकाने बघायला हरकत नव्हती.

मी टिकली काढून आरशावर लावली.

"बघू?" गुंडूने विचारलं.

"बघ," मी म्हणाले, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.