सोड की ओढ

आधीच सांगतो, मी भूत मानत नाही.

माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. तेव्हापासून आमच्या घरात अंगारा नाही, उतारा नाही, लिंबू-मिरची नाही. अमक्याच्या अंगात आलं असं कोणी सांगितलं, की माझी आई विचारते, "मग भाडं घेते का त्याच्याकडून?"

म्हणून हे लिहायला मला लाज वाटते. पण यातला शब्द न् शब्द खरा आहे.

मागच्या वर्षीचा मे महिना. नवतपाचा, म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांतला, तिसरा दिवस, रविवार. भुतं रात्री येतात म्हणतात, पण हे घडलं भर दुपारी सव्वादोनला. जागा शहराच्या कडेचं बेसा, माझ्या घरामागची टिनाची शेड.

माझं नाव संघपाल. सदरला एका ऑफिसात नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी सुतारकाम. हौस दांडगी. त्या हौसेपायी फेब्रुवारीत मी एक जुनी आरामशीन घेतली. लाकडाची एक गिरणी बंद पडली होती, तिथली. बिडाची दोन मोठी चाकं, एक वर, एक खाली. त्यांच्यावर दातेरी पोलादी पट्टा फिरतो. समोरून लाकूड लोटायचं, ते चिरत मागे निघतं. अशी मशीन आता कोणी बनवत नाही. स्विच बंद केला तरी चाकं दोन मिनिटं फिरतच राहतात.

मशीन बसवून द्यायला नत्थूजी आले. त्यांचं सगळं आयुष्य याच मशीनवर गेलेलं. वय सत्तरच्या पुढे, पण पट्टा ताणताना हात थरथरला नाही. काम झाल्यावर म्हणाले, "संघपालभाऊ, दोन गोष्टी ध्यानात ठेवजा. हे दोन माणसाचं मशीन आहे. एक समोर लोटते, एक मागून घेते. एकट्यानं चालवू नका."

"आणि दुसरी?"

"चालू असताना बोलायचं नाही. ठोकायचं." त्यांनी लाकडाचा तुकडा मशीनच्या टेबलावर आपटून दाखवला. "दोन ठोके म्हणजे बरोबर आहे, घे. एक ठोका म्हणजे थांब, चुकून राहिलं, गडबड आहे."

"काहून? बोललं तर काय होते?"

"आवाजात शब्द समजत नाही," ते म्हणाले आणि चप्पल घालायला लागले.

मला पटलं. कारखान्यातली जुनी शिस्त, त्यात काय एवढं?

एकट्यानं चालवू नका हे मात्र मी ऐकलं नाही. लहानसहान तुकडे चिरायला दुसरा माणूस कुठून आणणार?

मार्चमध्ये मी पहिल्यांदा लांब फळी लावली. सागवानाची, पाच फुटांची. मागे कोणी नव्हतं. अशी फळी अर्ध्याहून पुढे गेली की तिचं टोक मागे झुकतं, पट्टा अडकतो. मी तयारीत होतो.

फळी झुकली नाही.

सरळ राहिली. आणि मग... हळूच पुढे जायला लागली. मी लोटत नव्हतो.

मशीन बंद केली. टेबलाला उतार असेल म्हणून लेव्हल लावून पाहिली. बुडबुडा अगदी मधोमध.

पुढच्या रविवारी मी गंमत म्हणून टेबलावर दोन ठोके दिले. टक टक.

फळी कोणीतरी घेतली.

संध्याकाळी झाडू मारताना खाली पाहिलं. शेडभर भुसा पडला होता. चाकांवर, खिडकीत, माझ्या डब्यावर. फक्त मशीनच्या मागे, जिथे दुसरा माणूस उभा राहतो तिथे... दोन पावलांएवढी जागा स्वच्छ होती.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच मशीन विकायची. खरं सांगू? मला ते आवडायला लागलं होतं. चिरा अशा सरळ यायच्या, की दोरी लावून पाहावी. मी सरिताला, माझ्या बायकोला, एक शब्द बोललो नाही. सोबत मिळाली होती आणि ती मोडायची नव्हती. आता त्या गोष्टीचा राग येतो, स्वतःचाच.

मग तो रविवार आला.

आईसाठी दिवाण करत होतो. फळी आठ फुटांची, चांगली जड. सरिता ताक घेऊन शेडमध्ये आली आणि मला एकट्याला झटताना पाहून म्हणाली, "मी धरते मागून."

नको म्हणायला हवं होतं. पण का नको, ते कसं सांगणार? मी ताक प्यायलो, आणि ती मागे जाऊन उभी राहिली. बरोबर त्या दोन पावलांच्या जागेवर.

"अहो, इथं किती गार वाटून राहिलं," ती म्हणाली.

बाहेर सत्तेचाळीस डिग्री होतं. शेडमध्ये त्याहून जास्त.

मी मशीन चालू केली. पट्ट्याचा आवाज सुरू झाला. स्स्स्स... एकसारखा. तोंडाला मास्क लावला, फळी लोटली. सहा फूट नीट गेली.

मग फळी अडकली. चीर आवळली गेली आणि पट्टा किंचाळायला लागला. अशा वेळी समोरचा माणूस फळी आपल्याकडे मागे ओढतो. माझे हात आवळले गेले. मी ओढणारच होतो.

मला दिसत नव्हतं, की फळी सावरायला सरितानं हात पुढे सरकवला होता. तिची बोटं पट्ट्यापासून वीतभरही दूर नव्हती. मी ओढलं असतं, तर फळीबरोबर तिचा हात सरळ पट्ट्यावर आला असता.

तेवढ्यात आवाज आला. पुरुषाचा. जाडा, अगदी जवळून.

"सोड!"

मी सोडलं.

फळी झटक्यानं मागे गेली. सरिता तिच्यासकट भुशात पाठीवर पडली. चाकं फिरतच होती. मी धावत तिच्याकडे गेलो. दोन्ही हात पाहिले, बोटं मोजली. मग पुन्हा मोजली.

दहा.

ती धापा टाकत म्हणाली, "बरं झालं तुम्ही ओरडले. मी तर फळी तशीच धरून राहिली असती."

"मी ओरडलो?"

"हो ना. 'ओढ' म्हणाले. म्हणून तर ओढली मी."

माझ्या तोंडावर मास्क तसाच होता. मी एक शब्द बोललो नव्हतो.

तिला आवाज समोरून आला होता, माझ्याकडून. मला आला होता मागून, तिच्याकडून.

रात्री ती झोपली, पण मला भीतीनं झोप आली नाही. सकाळी ऑफिसला दांडी मारली आणि नत्थूजींना बोलावून घेतलं. शेडमध्ये खुर्ची दिली. मशीन बंद होती, तिचा प्लग काढून ठेवला होता. फक्त आम्ही दोघं. मी फळीचं, पावलांचं, सगळं सांगितलं. आवाज आला इथपर्यंत आलो आणि त्यांचा चेहरा पाहून थांबलो.

"धोंडबा," ते म्हणाले. "मागं धोंडबा राहे. मी समोर."

मग त्यांनी सांगितलं. एकतीस वर्षांपूर्वी याच मशीनवर असंच लाकूड अडकलं. मागून धोंडबा काहीतरी ओरडला. नत्थूजींना ऐकू आलं 'ओढ'. त्यांनी जोर लावून आपल्याकडे ओढलं. धोंडबानं लाकूड घट्ट धरलेलं होतं. त्याचा हात मनगटापासून गेला. दवाखान्यात पोचेपर्यंत तोही गेला.

"तो 'सोड' म्हणला असन त मी मारला त्याले," नत्थूजी म्हणाले. "अन् 'ओढ' म्हणला असन त त्याचंच चुकलं. पट्टा सारखा स्स् करते ना गा. त्यात 'सोड'मधला स बुडते. अन् नुसतं 'ओढ' म्हटलं तरी मागं स लागल्यासारखं वाटते. कोणाले समजन?"

ठोक्यांची शिस्त त्यानंतर त्यांनीच लावली होती.

मग त्यांनी माझा हात धरला. "संघपालभाऊ, तुमी ऐकला त्याचा आवाज. काय म्हणला तो? सोड का ओढ?"

एकतीस वर्षं हा माणूस हाच प्रश्न घेऊन जगत होता. खरं काय ते मलाही नीट माहीत नव्हतं. मला एक ऐकू आलं, सरिताला दुसरं. पण म्हातारा माणूस. शेवटची काही वर्षं तरी शांत जाऊ देत, असं वाटलं.

मी म्हणालो, "ओढ. साफ ऐकू आलं, नत्थूजी. ओढच म्हणाला."

त्यांनी डोळे मिटले. एकतीस वर्षांचा श्वास सोडल्यासारखा त्यांनी श्वास सोडला.

आणि मशीनच्या मागून...

टक.

एकच.

आम्ही दोघंही हललो नाही. दुसऱ्या ठोक्याची वाट पाहिली. मी तर मनातल्या मनात विनवत होतो.

दुसरा आला नाही.

एक ठोका म्हणजे थांब, चुकून राहिलं. म्हणजे मी सांगितलं ते चूक. ही भाषा त्यांनीच मला शिकवली होती.

नत्थूजी उठले. सरिता आधीच चहा ठेवून गेली होती, तो तसाच राहिला. फाटकापर्यंत मी मागे मागे गेलो. म्हणालो, उन्हानं लाकूड तडकलं असेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. फक्त म्हणाले, "आतापर्यंत माईत नोतं, तेच बरं होतं."

मी त्यांना सुख द्यायला गेलो होतो. त्यांच्याजवळ एक संशय होता, त्याच्या आधारानं ते जगत होते. तोही मी काढून घेतला.

त्या संध्याकाळी शेडमध्ये गेलो. मशीनमागच्या दोन पावलांच्या जागेवर भुसा पसरला होता. सगळीकडे सारखा. त्यानंतर जुलैत हिंमत करून एक लांब फळी लावली. तिचं टोक झुकलं, पट्टा अडकला. मागे कोणी नव्हतं.

मला वाटलं, संपलं.

मागच्या आठवड्यात नत्थूजींच्या नातीचा, गोपिकाचा फोन आला. "काका, तुमच्याकडून आल्यापासून आजोबा बोलतच नाहीत हो. काही पाहिजे असलं की खाटेच्या लाकडी कडेवर दोनदा ठोकतात. आम्ही सवय करून घेतली."

"मग आज काहून फोन केला बाई?"

तिनं आवाज खाली आणला.

"काका... आजोबांची खोली शेवटची आहे. भिंतीपलीकडे घर नाही, मोकळा प्लॉट आहे. तिकडून कोणीतरी उत्तर देते."

"किती ठोके?" मी विचारलं.

"एकच. दरवेळी एकच."

खरं काय ऐकलं होतं, ते नत्थूजींना जाऊन सांगायला हवं. रोज ठरवतो. गाडीची किल्लीही हातात घेतो.

पण त्या खोलीत मी 'सोड' म्हणालो, आणि भिंतीपलीकडून दोन ठोके आले तर?